कुत्र्याचे पाणी तोडू नका, मोजा



गाईने अर्धा लिटर दूध कमी दिले की त्याच सांजेला घरात चर्चा होते. बैलाने वैरण टाकली की धनी रात्री दोनदा उठून गोठ्यात जाऊन येतो. पण दारातला कुत्रा महिनाभर भगुलेच्या भगुले पाणी संपवतो आहे, याची दखल सहसा कोणी घेत नाही. दखल घेतली जाते ती ओसरी ओली झाल्यावर. मग त्याच्या पाठीत काठी बसते, त्याला रात्री बाहेर बांधले जाते आणि ‘पाणीच ठेवू नका, म्हणजे मुतणार नाही’ असा तोडगा कोणीतरी काढतो.

हा तोडगा चुकीचा आहे, आणि कित्येकदा तो त्या मुक्या जनावराच्या जिवावर बेततो. म्हणून या आठवड्यात पीकपाणी बाजूला ठेवून दारच्या राखणदाराविषयी बोलू. मी शेतीकडचा माणूस, पशुवैद्य नव्हे. रोगाचे निदान आणि औषध हे डॉक्टरांचेच काम. पण डॉक्टरांकडे जाण्याआधी घरच्यांनी काय पाहावे, काय मोजावे आणि काय टाळावे, एवढे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

आधी लघवी, मग तहान

आपला समज असा की कुत्रा पाणी फार पितो म्हणून फार मुततो. बहुतेक आजारांत गोष्ट उलटी असते. लघवी फार जाते, अंगातले पाणी घटते, म्हणून तहान लागते.

मूत्रपिंड रक्त गाळते आणि गाळलेल्या पाण्यातले बहुतेक पाणी पुन्हा अंगात ओढून घेते. उरलेल्या थोड्या पाण्यातून घाण बाहेर जाते, ती लघवी. हे पाणी ओढून घेण्याचे काम बिघडले की पाणी वाहूनच जाते. पाटाला भगदाड पडले तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, म्हणून आपण मोटार जास्त वेळ चालवतो. अशा वेळी मोटारच बंद केली, तर भगदाड काही बुजत नाही. पीक मात्र वाळून जाते. आजारी कुत्र्याचे पाणी तोडणे म्हणजे हेच. लघवी चालूच राहते, अंग सुकते आणि अगोदरच दमलेली मूत्रपिंडे एका-दोन दिवसांत कायमची बसू शकतात.

म्हणून पहिला नियम पक्का धरा. पाण्याचे भांडे उचलायचे नाही. ते भरलेलेच ठेवायचे आणि किती रिकामे होते ते पाहायचे.

मोजायचे कसे?

यासाठी एक लिटरची बाटली आणि घरातले एखादे पातेले पुरे. कुत्र्याला एक दिवस पडवीत सावलीला लांब साखळीने बांधा, म्हणजे तो हौदावर, ओढ्यावर किंवा गुरांच्या टाकीवर जाऊन पिणार नाही. सकाळी बाटलीने मोजून पाणी ओता. दिवसभरात जितके वाढाल तितके लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मोजून वजा करा. ताक किंवा दूध दिले असेल तर तेही मोजा. असे दोन-तीन दिवस करा. मधूनमधून त्याला मोकळे फिरवून आणा, पण साखळी हातात ठेवा.

कुत्र्याचे वजनही लागेल. वजनकाट्यावर आधी आपण एकट्याने उभे राहावे, मग कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहावे. दोन्हींतला फरक हे कुत्र्याचे वजन.

आता हिशेब असा. निरोगी कुत्र्याला साध्या हवेत दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. १८ किलोचा गावठी कुत्रा असेल तर सुमारे एक लिटर. दर किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेले, म्हणजे याच कुत्र्याने दिवसाला १ लिटर ८०० मिलिलिटरपेक्षा जास्त प्याले, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

अर्थात तारतम्य हवे. वैशाखातल्या उन्हात, किंवा दिवसभर मेंढरांमागे धावल्यावर कुत्रा जास्त पाणी पिणारच. पिलांना पाजणाऱ्या कुत्रीला पाणी पुष्कळ लागते. कोरडी भाकरी खाणारा कुत्रा दूध-भाकरी खाणाऱ्यापेक्षा जास्त पितो. खारवलेली सुकट किंवा बोंबील खाल्ल्यावरही तहान वाढते. ही कारणे नसताना पाणी वाढलेले दिसले, तर मात्र थांबू नये.

ओले दिसले म्हणजे एकच रोग नव्हे

‘घरात मुततो’ या एका तक्रारीखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. त्या घरच्यांनाच वेगळ्या ओळखता येतात, कारण डॉक्टर कुत्र्याला पाच मिनिटे पाहतात, आपण चोवीस तास पाहतो.

पहिली गोष्ट: पाणी जास्त, लघवीही जास्त. धार मोठी, रंग पाण्यासारखा फिका. रात्री तो दाराशी येऊन कुईकुई करतो. दार उघडले नाही तर नाइलाजाने आतच करतो. हा खोडसाळपणा नव्हे. रोग अंगात, बहुधा मूत्रपिंडात, रक्तातल्या साखरेत किंवा गर्भपिशवीत असतो.

दुसरी गोष्ट: पाणी नेहमीइतकेच, पण झोपेत लघवी गळते. कुत्रा उठून गेल्यावर गोणपाटावर ओला डाग दिसतो आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही नसतो. नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये, विशेषतः मोठ्या अंगाच्या माद्यांमध्ये, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मूत्रमार्गाचे तोंड आवळून धरणारे स्नायू ढिले पडतात. म्हातारपणातही असे होते. वाहनाची धडक बसून पाठीच्या कण्याला मार लागला असेल तरी लघवीवरचा ताबा जातो. लहानपणापासून सतत गळत असेल तर जन्मजात दोष असू शकतो. नसबंदीनंतरच्या गळतीवर चांगली औषधे आहेत आणि बहुतेक कुत्र्यांना त्यांनी गुण येतो.

तिसरी गोष्ट: वारंवार बसतो, कुंथतो, पण थेंब थेंबच होते. कधी लघवीत रक्त दिसते. ही मूत्राशयातल्या जंतूंची किंवा मुतखड्याची खूण आहे. यातही नर कुत्रा कुंथतो आहे आणि लघवी अजिबात होत नाही असे दिसले, तर मार्ग खड्याने बंद झाला आहे असे धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उद्यावर टाकू नये.

या तिन्हींत घोटाळाही होतो. पाणी फार पिणाऱ्या कुत्र्याचे मूत्राशय रात्री इतके भरते की झोपेत गळते आणि ती दुसऱ्या प्रकारची गळती वाटते. म्हणूनच आधी पाणी मोजा असे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

याशिवाय लहान पिलू माणूस पाहून घाबरून किंवा आनंदाने थोडे मुतते, नर कुत्रा हद्द आखायला कोपऱ्यावर तंगडी वर करतो. हे रोग नव्हेत, आणि यांवर काठी हा इलाज नव्हे.

कुत्री असेल तर माजाची तारीख आठवा

न कापलेली, म्हणजे नसबंदी न झालेली मध्यम वयाची किंवा त्याहून मोठी कुत्री एकाएकी पाणी फार पिऊ लागली, तर घरच्यांनी पहिला प्रश्न विचारावा: ‘ही माजावर कधी आली होती?’ माज संपल्यावर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतच्या काळात गर्भपिशवीत पू होण्याचा एक भयंकर रोग होतो. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती जाते आणि तहान भडकते. खाणे कमी होते, उलट्या होतात, कुत्री मलूल पडते. पिशवीचे तोंड उघडे असेल तर मागून घाण वास येणारा स्राव जातो. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. पोट मात्र वाढत जाते. हा दुसरा प्रकार जास्त घातक.

एका वस्तीवरची हकीकत सांगतो. सात-आठ वर्षांची कुत्री, चार-पाच वेतांची, राखणीला वाघीण. महिन्याभरापूर्वी माजावर येऊन गेलेली. ती पाणी फार पिऊ लागली, पडवीत मुतू लागली. पोट वाढलेले दिसले तेव्हा घरात आनंद झाला, की पिले आहेत. पडवी ओली होते म्हणून रात्रीचे पाणी बंद केले. तिसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले तेव्हा तिला उठता येत नव्हते. पोटात पिले नव्हती, पू होता. त्याच रात्री ती गेली. घरात कोणी दुष्ट नव्हते. ती माणसे तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळत होती. त्यांना ठाऊक नव्हते, इतकेच.

या रोगावर खात्रीचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून पिशवी काढून टाकणे, आणि ती जितकी लवकर होईल तितके बरे. वेळेवर नसबंदी केली तर हा रोग जवळजवळ टळतोच. नसबंदीनंतर क्वचित गळती होते म्हणून नसबंदी टाळणे शहाणपणाचे नाही. गळती औषधाने आवरते, पू झालेली कुत्री दोन-चार दिवसांत हातची जाते. आणखी एक, पिले नकोत म्हणून काहीजण कुत्रीला संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. त्याने या रोगाचा धोका वाढतो. त्यापेक्षा नसबंदी बरी.

गोड लघवी

कुत्र्यालाही माणसासारखा मधुमेह होतो. कुत्रा भरपूर खातो, तरी वाळत जातो. पाणी फार, लघवी फार. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू येऊन ते पांढुरके दिसतात. लघवीवर मुंग्या जमल्या तर शंका घ्यावी, पण मुंग्या आल्या नाहीत म्हणून मधुमेह नाही असे समजू नये.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघा वैद्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. शिकवलेला तो कुत्रा नंतर प्रयोगशाळेतच वारंवार मुतू लागला. त्याला मारण्याऐवजी मिंकोव्स्कीने त्याची लघवी तपासली, तेव्हा तीत साखर सापडली. मधुमेहाचा स्वादुपिंडाशी संबंध आहे हे त्यातून जगाला कळले. पुढे १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन मिळवले आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचले गेले. आज आपल्या गावागावांत माणसे इन्सुलिनवर जगतात, त्याच्या मुळाशी ओल्या जमिनीकडे नीट पाहणारा एक माणूस आहे.

मधुमेही कुत्र्याला गोळ्यांचा सहसा उपयोग होत नाही, त्याला इन्सुलिनच लागते, बहुधा दिवसातून दोनदा. हे जन्माचे काम आणि खर्चाचेही, हे आधीच ओळखून ठरवावे. घरात आजोबांचे इन्सुलिन आहे म्हणून ते आपल्या अंदाजाने कुत्र्याला टोचू नये. जास्त झाले तर साखर उतरून तो तासाभरात दगावू शकतो.

मूत्रपिंड आणि आपल्या हातून होणारे अपाय

मूत्रपिंडाचा जुना आजार लबाड असतो. दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत तो फारसा दिसत नाही, आणि दिसू लागतो तो तहानेच्याच रूपाने. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याची तहान ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. लवकर कळले तर आहार व औषधांनी त्याचे बरेच दिवस सुखाचे जातात.

काही अपाय मात्र आपल्याच हातून होतात. कुत्रा लंगडला की घरातली अंगदुखीची गोळी भाकरीत घालून देण्याची सवय आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना इजा करतात. नाशिक, सांगलीकडच्या बागाईतदारांनी आणखी एक लक्षात ठेवावे: द्राक्षे आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडतात. बेदाण्याच्या शेडमध्ये कुत्र्याला मोकळे सोडू नये आणि लाडानेही मूठभर घालू नये.

खाजेवरचे इंजेक्शन हेही एक कारण आहे. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे दिल्यावर कुत्रा काही दिवस पाणी फार पितो आणि फार मुततो. हा औषधाचा परिणाम असतो. डॉक्टरांना तसे सांगावे. पण बरेच दिवस चालू असलेल्या अशा गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्या हळूहळू कमी कराव्या लागतात.

पावसाळ्यात घरच्या माणसांचीही काळजी

ताप, उलट्या, डोळे पिवळे, अंग दुखते म्हणून हालचाल नको, आणि तहान वाढलेली; लघवी आधी जास्त किंवा पुढे एकदम कमी. पावसाळ्यात असे दिसले तर लेप्टोची शंका घ्यावी. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात पसरणारा हा रोग माणसालाही होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. रोगी कुत्र्याच्या लघवीतूनही जंतू बाहेर पडतात. म्हणून ओली जागा उघड्या हातांनी पुसू नये. हातात रबरी मोजे घालावेत, पायात चप्पल किंवा बूट असावा, जागेवर ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना तिथे खेळू देऊ नये. घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांना कुत्र्याचे आजारपण जरूर सांगावे. कुत्र्यांसाठी लेप्टोची लस मिळते. ती दरवर्षी द्यावी लागते.

‘पाणी पितो म्हणजे पिसाळला नाही’ असे नव्हे

पाणी आणि कुत्रा यांच्याविषयी एक धोकादायक समज खेड्यापाड्यांत आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो, म्हणून पाणी पिणारा कुत्रा सुरक्षित, असा तो समज. पाण्याची भीती हे माणसातल्या रोगाचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भीत नाही. तो पाण्यात तोंड घालतो, फक्त घसा लुळा पडल्यामुळे त्याला गिळता येत नसेल. स्वभाव एकाएकी बदलणे, लाळ गळणे, खालचा जबडा लोंबणे, आवाज बदलणे, या खुणा दिसल्या तर त्याच्या तोंडात हात घालून ‘घशात हाड अडकले का’ हे पाहू नये. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच आरोग्य केंद्रात लस घ्यावी.

उलट, नुसता फार पाणी पिणारा आणि मुतणारा कुत्रा पिसाळला असे समजून त्याला मारणे हाही अन्यायच. खात्री डॉक्टरांकडून करावी.

दवाखान्यात जाताना काय न्यावे?

शक्य असेल तर सकाळची पहिली लघवी न्यावी. काठीच्या टोकाला स्वच्छ धुऊन वाळवलेली वाटी किंवा पळी बांधून धार सुरू झाल्यावर ती खाली धरावी. लघवी कोरड्या, स्वच्छ बाटलीत भरून दोन-चार तासांत पोचवावी. साध्या पट्टीनेही तीत साखर, प्रथिने, रक्त आहे का हे लगेच कळते.

आणि एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात: वजन व वय; दिवसाला पिलेले पाणी; ओले कधी होते, जागेपणी की झोपेत; माजाची किंवा नसबंदीची तारीख; गेल्या महिन्यात दिलेली औषधे. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला हे टिपण ठेवायला सांगा. ते आनंदाने करतील.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. पशुसंवर्धनाच्या १९६२ या क्रमांकावरही विचारणा करता येते.

तोवर घरी एवढे करा. पाणी भरपूर ठेवा. झोपण्यापूर्वी एकदा आणि मध्यरात्री एकदा त्याला बाहेर न्या. गोणपाट रोज बदला, ओले झालेले उन्हात वाळवा. मांड्यांमधली कातडी कोमट पाण्याने धुऊन कोरडी करा, नाहीतर तिथे जखमा होतात आणि त्यांत आसडी पडते. आणि काठी खुंटीला राहू द्या.

आज रात्री झोपण्यापूर्वी कुत्र्याचे भांडे भरा आणि बाटलीवरची खूण पाहून किती ओतले ते लिहून ठेवा. सकाळी उरलेले मोजा. त्याला काही होत नसेल, तर नेहमीचे माप किती हे तरी कळेल. आणि उद्या कधी बिघडले, तर तेच माप तुम्हाला वेळेवर जागे करील.